चौथ्या मजल्यावरचं ‘चालतंय’

“घराला नावं ठेवायची नाहीत हं. ज्या छपराखाली पाठ टेकायला मिळते, त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही.”

लग्नानंतर बिऱ्हाड थाटायला निघालेल्या लेकीच्या ट्रंकेला कुलूप लावता लावता आईने हे सांगितलं होतं. लेकीने मान डोलावली ती कायमचीच. आता ती लेक सगळ्या इमारतीची काकू झाली होती, केस पिकले होते, चष्मा नाकावरून घसरत होता. तरी रोज पहाटे उठून, नळाखाली बादली लावून काकू खिडकीपाशी डोळे मिटून बसायच्या आणि मनातल्या मनात आभार मानायच्या. भिंतींचे, दाराचे, सकाळची पहिली उन्हं इथे येतात त्याचे, शेजाऱ्यांचे. मग दिवसभर तक्रारीचा शब्द तोंडातून निघू द्यायचा नाही, असा नेम. कुणाला सांगितला नव्हता, पण एका छताखालच्या माणसापासून असं काही लपत नाही. काका म्हणायचे, “देवाने दारात येऊन विचारलं ना, काय हवंय, तर तू म्हणशील, काही नको, आधी बसा, चार मजले चढून दमला असाल.”

दमणारच. इमारतीला चार मजले होते आणि लिफ्ट नव्हती. बांधली तेव्हा या शहरात लिफ्ट फक्त मोठ्या इस्पितळात होती. शहरही तसं बेताचंच. या टोकाची हाक त्या टोकाला पोचणार नाही, पण बातमी दुपारपर्यंत पोचते, एवढं. काका-काकू तरुणपणी चौथ्या मजल्यावर राहायला आले, ते वारा छान येतो म्हणून. तेव्हा काका जिना एका दमात चढायचे आणि वर पोचून शीळ घालायचे.

काका मालधक्क्यावर क्रेन चालवायचे. उंच केबिनमध्ये बसायचं, खाली उभ्या माणसाच्या हातांच्या खुणा बघायच्या आणि लोखंडाची अवजड पेटी अशी अलगद टेकवायची की खाली धूळसुद्धा उडू नये. निवृत्तीनंतर गुडघ्यांनीही रजा घेतली. घरातल्या घरात काठीवर फिरता यायचं, पण डॉक्टरांनी जिना बंद केला. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून खाली न्यायची तयारी दाखवली होती. काका ऐकायला तयार नव्हते. आज उतरवाल, पण संध्याकाळी परत चढवणार कोण, आणि उद्या? जन्मभर ओझी उचलली, आता मी ओझं होणार नाही, असं म्हणून त्यांनी विषय मिटवून टाकला होता.

आणि मग त्यांनी बाल्कनीच्या कठड्याला कप्पी बसवली. कप्पीवरून जाड दोर, दोराच्या टोकाला वेताची टोपली. सुरुवातीला फक्त दुधाची पिशवी वर यायची. पुढे दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंची भाजी, तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांची वर्तमानपत्रं, कुणाची औषधं, कुणाचा दुरुस्त होऊन आलेला मिक्सर, असं सगळं त्याच टोपलीतून जाऊ-येऊ लागलं. काकू गणवेशाच्या दुकानाला सदऱ्यांची काजं-बटणं करून द्यायच्या. ते गठ्ठेही टोपलीतूनच. ज्याच्या बाल्कनीसमोर थांबवायची तिथे टोपली अशी थांबायची की हात लांब करायलाही नको. सगळे त्यांना क्रेनकाका म्हणत.

पालिकेची पाहणी सुरू झाली ती याच सुमारास. शहरातल्या लोकांना आपली घरं, आपलं राहणं कसं वाटतं ते विचारायला दारोदार माणसं फिरत होती. म्हणे उत्तरं बघून ठरणार होतं, कुठल्या भागात पाण्याचे पंप द्यायचे, कुठल्या जुन्या इमारतींच्या जिन्यांना कठडे बसवायचे. काकूंच्या दारात पाहणीवाली मुलगी आली ती धापा टाकत. काकूंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा लावला. मुलीने गुडघ्यावर टॅब ठेवला आणि एकेक विचारायला सुरुवात केली.

पाणी पुरेसं येतं का? येतं की. दाब कसा असतो? चालतंय. उन्हाळ्यात छत तापतं का? उन्हाळा म्हटल्यावर तापायचंच, चालतंय. जिन्याचा त्रास होतो का? काकू हसल्या. जिना आहे म्हणून तर घरी येता येतं, त्याचा कसला त्रास, चालतंय.

बाल्कनीत बसलेल्या काकांनी तेव्हा मान वळवली, बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. काकूंनी ते पाहिलं. पाहूनही पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. मुलगी प्रत्येक उत्तरापुढे ‘समाधानी’वर बोट टेकवत गेली. उठताना म्हणाली की काही बदलायचं वाटलं तर शुक्रवारपर्यंत कार्यालयात येऊन सांगा, आणि जिना उतरू लागली.

तिची पाण्याची बाटली मात्र खुर्चीजवळच राहिली. काकांनी ती टोपलीत ठेवली, दोर सोडला, वरून हाक दिली. खाली पोचलेल्या मुलीने बाटली घेतली, दोन पावलं मागे सरकली आणि मान उंच करून वर पाहत हसली. हातही हलवला.

काका बराच वेळ कठड्याला धरून उभे होते. मग म्हणाले, “पोरगी गोड आहे गं. वर बघितलं तिने.”

काकूंना कळेना, त्यात विशेष काय.

“विशेष नाही? मला इथून काय दिसतं सांगू? टाळकी. नर्सबाईंचा भांग, मास्तरांचं टक्कल, ते तर महिन्या-महिन्याला वाढतंय, मी लक्ष ठेवून आहे. टोपलीतलं सामान घेतात, खालीच बघत ‘काका, घेतलं’ म्हणतात आणि जातात. चांगली माणसं आहेत, पण चेहरे विसरत चाललोय मी.” ते खुर्चीत बसले, काठी आडवी मांडीवर घेतली. “आणि तू सांगतेस, चालतंय. मला चालता येत नाही म्हणून तर हे सगळं.”

म्हटलं गमतीतच होतं, पण काकूंच्या हातातलं काज तिथेच थांबलं. मग तुम्ही तिच्यासमोर बोलला का नाहीत, असं त्यांनी विचारलं.

“तुझा नेम मोडला असता,” काका म्हणाले. “मी तक्रार करायची आणि तू रात्रभर तळमळायचं. त्यापेक्षा राहू दे म्हटलं.”

त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. सदरा बाजूला ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाचच पुसलेला ओटा पुन्हा पुसला. आपण खिडकीपाशी बसून आभार मानत होतो आणि आपल्या पाठीमागे घरातला माणूस त्या आभारांना धक्का लागू नये म्हणून तोंड मिटून बसला होता. नेम त्यांचा, आणि पाळत होते काका.

दुपारी त्या दुसऱ्या मजल्यावर नर्सबाईंकडे गेल्या. नर्सबाई रात्रपाळी करून झोपून उठल्या होत्या, केस मोकळे होते. तुम्ही त्या मुलीला जिन्याबद्दल काय सांगितलं, असं काकूंनी विचारलं तर त्या घुटमळल्या. मग म्हणाल्या की काय सांगणार, छान आहे म्हटलं. खरं तर सगळ्यांनी तसंच सांगितलंय. पाहणीची बातमी आली त्याच दिवशी जिन्यात त्यांचं, मास्तरांचं आणि तळमजल्यावरच्या घड्याळजींचं बोलणं झालं होतं. जिन्याची कुरकुर केली आणि उद्या खरंच लिफ्टबिफ्ट द्यायचं कुणाच्या मनात आलं, तर काकांच्या टोपलीचं काय?

“माणूस दोराला हात लावून जगतोय, काकू,” नर्सबाई म्हणाल्या. “ते काढून घेतलं तर खचतील. माझे गुडघे दुखतात, दुखू देत. चालतंय.”

काकूंना हसावं की रडावं कळेना. सगळी इमारत काकांसाठी गप्प, काका काकूंसाठी गप्प, आणि काकू आईच्या शब्दासाठी. सगळे एकमेकांवर इतकी माया करत होते की कुणालाच काही मिळणार नव्हतं. त्यांनी नर्सबाईंचा हात हातात घेतला, दाबला, आणि वर न जाता आणखी खाली उतरल्या.

तळमजल्यावर पुढच्या खोलीत घड्याळजींचं दुकान होतं, मागे राहायच्या खोल्या. बाहेर लख्ख ऊन होतं, पण समोरच्या इमारतीने ते वाटेतच अडवलेलं. आत भरदुपारी दिवा जळत होता. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून, नाक जवळजवळ घड्याळात घालून बसले होते. भिंग काढलं तेव्हा डोळे लाल दिसले, पाणी येत होतं.

दिवसा दिवा लावावा लागतो का हो, काकूंनी विचारलं.

“लागतो थोडा. डॉक्टर म्हणतात उजेडात काम करा. म्हटलं, उजेड काय दुकानात मिळतो?” त्यांनी रुमालाने डोळे टिपले. “पण ठीक आहे काकू, चालतंय.”

तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून असा कानावर पडला आणि काकू गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून हसू लागल्या. पोट धरून, पदराने डोळे पुसत. घड्याळजी घाबरले, त्यांनी बायकोला हाक मारली. ती हात पुसत आतून आली. काकूंचं हसू ओसरलं तेव्हा त्या एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, आमच्याकडे उजेड नुसता सांडतो आणि तुमच्याकडे जिना नाही. आपण बिऱ्हाडं बदलायची का?

दुकानातली सगळी घड्याळं टिकटिकत होती, प्रत्येक आपापल्या मताने. मग घड्याळजी चाचरत म्हणाले की दोन्ही घरं एकाच मालकांची, भाडंही उन्नीस-बीस, मालक काही आडवे येणारे नाहीत. दुकान पुढच्या खोलीतच ठेवता येईल, गिऱ्हाइकांनी दिलेली घड्याळं इथे घ्यायची आणि बारीक काम वर न्यायचं. वरच्या खिडकीपाशी सकाळी काय उजेड असेल नाही? हे म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळला की बायकोने त्यांच्याकडे वळून पाहिलं.

ती मात्र पटकन हो म्हणाली नाही. संसार तिला हलवायचा होता. पदर खोचून ती काकूंसमोर बसली आणि म्हणाली, “काकू, तुमच्या तोंडून घराची कधी तक्रार ऐकली नाही. म्हणूनच भीती वाटते. मला खरं सांगा, वर काय काय त्रास आहे?”

काकूंच्या कानात आईचा आवाज होता. पण समोर बसलेली पोरगी उद्या त्या घरात झोपणार होती, आणि तिला गोड गोड सांगून वर चढवणं म्हणजे फसवणं. देवाला ते आवडलं नसतं, आईलाही नाही. काकूंनी डोळे मिटले, उघडले, आणि बोलायला लागल्या. आधी अडखळत, मग भराभर.

पाणी फक्त पहाटे चढतं, तेही करंगळीएवढ्या धारेने. एक बादली भरेपर्यंत देवाचं सगळं नाव घेऊन होतं. एप्रिलपासून छत असं तापतं की रात्रीसुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतो. न्हाणीघराच्या दाराची कडी उचलूनच लावावी लागते. बाल्कनीत कबुतरं येतात, त्यांना हाकलायचं काम काका करतात. जिन्याला तिसऱ्या मजल्यापासून कठडा सैल आहे, धरलं की हलतो. आणि सामान घेऊन चढताना छातीत धडधडतं, हे त्यांनी काकांनाही कधी सांगितलं नव्हतं.

सांगून झाल्यावर त्यांना उगाच भिंतींकडे बघावंसं वाटलं, कुणी रागावलं तर नाही ना म्हणून. कुणी रागावलं नव्हतं. उलट छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं. घर तेच होतं. त्याच्यावरचा जीवही तेवढाच होता.

मग घड्याळजींच्या बायकोनेही आपल्या घराची पोतडी उघडली. मागच्या गटाराचा वास, रस्त्याची धूळ, डास, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं खिडकीतून डोकावणं, आणि अंधार. दोघी जणी उपवर मुलींच्या आयांसारख्या बसल्या होत्या, फक्त गुणांऐवजी अवगुण सांगत. एकीने काही कबूल केलं की दुसरी म्हणायची, हात्तिच्या, एवढंच ना?

पाण्यापाशी मात्र ती अडली. घरात शाळेत जाणारी लेक, सकाळी सगळ्यांची घाई. करंगळीएवढ्या धारेवर तिचं भागणार नव्हतं.

“काकू, तुम्ही त्या पाहणीवालीला चालतंय सांगून बसलात. ते तसंच राहिलं तर वर पंप कधीच यायचा नाही. तुम्ही स्वतः कार्यालयात जाऊन ते बदला. पाण्याचं सांगा, कठड्याचं सांगा. तेवढा शब्द द्या, मी डोळे मिटून वर येते.”

दोन बायकांत बसून मन मोकळं करणं वेगळं, आणि सरकारी टेबलासमोर उभं राहून आपल्या घरात काय कमी आहे ते लिहून देणं वेगळं. जन्मात कधी काकू असल्या कामाला गेल्या नव्हत्या. पण पुढे आलेला तिचा हात त्यांनी धरला आणि म्हणाल्या, “जाते. शब्द दिला.”

काकांना सांगितलं तेव्हा ते आधी भडकले. आपल्याला न विचारता घर देऊन आलीस? मग टोपली कोण ओढणार? मग विचारलं की खालच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे उघडते ना. मग दोन घास खाऊन झाल्यावर हळूच म्हणाले, एकदा उतरायचं, परत चढायचं नाही, एवढं असेल तर बसतो मी खुर्चीत.

मालकांनी फोनवरच हो म्हटलं. बुधवारी सामान हललं. काकूंची भांडी, ट्रंक, शिवणाचे गठ्ठे टोपलीतून खाली उतरले आणि घड्याळजींचा संसार टोपलीतून वर चढला. घड्याळजींची बायको वरच्या बाल्कनीत उभी राहून दोर ओढायला शिकत होती. मग घड्याळजी, मास्तर आणि नर्सबाईंच्या यजमानांनी काकांना खुर्चीसकट उचललं. काका सगळा जिनाभर सूचना देत उतरले. डावीकडे घ्या, सावकाश, धक्का नको, लोखंड नाही मी. तिसऱ्या मजल्यावर कठडा हलला तेव्हा तेवढे गप्प बसले.

खाली फाटकाजवळ खुर्ची टेकली. आजूबाजूची माणसं गोळा झाली. काका एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि ओळखता येत नव्हतं म्हणून ओशाळत होते. एक गृहस्थ नमस्कार करून म्हणाले, ओळखलंत का काका? काकांनी बरंच निरखलं, मग म्हणाले, “जरा मान खाली घाला बघू.” गृहस्थांनी घातली. “अरे, कोपऱ्यावरचे तुम्ही, डोक्यावर दोन भोवरे असलेले.” मग काय, येणारा प्रत्येक जण मान खाली घालूनच पुढे येऊ लागला. नर्सबाईंनीही वाकून भांग दाखवला आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काका म्हणाले, तुम्ही अशा दिसता होय, मला वाटलं होतं त्यापेक्षा बऱ्या आहात.

संध्याकाळपर्यंत टोपलीचंही जमलं. वर घड्याळजींची बायको दोर धरून, खाली काका खुर्चीत बसून हातांनी खुणा करत. इतकी वर्षं खालचा माणूस हात हलवायचा आणि काका वरून बघायचे. आता ते खालचे झाले होते. बाल्कन्यांतून डोकावणारे चेहरे एकेक करून त्यांना बघता येत होते.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. नव्या घरात काकूंना पहाटे सवयीनेच जाग आली. नळ सोडला तर धार धो धो आली आणि त्या दचकल्या. बादली भरायला वेळच लागला नाही. मग त्या बसल्या, डोळे मिटून. या अंधाऱ्या खोलीचे आभार मानले, रस्त्यावरच्या आवाजाचे मानले, दारापर्यंत काठी टेकत जाऊ शकणाऱ्या माणसाचे मानले. वरच्या घराचेही मानले, त्याची सगळी दुखणी आठवत आठवत.

काका फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. दूधवाल्याशी काहीतरी वाद रंगला होता आणि दूधवाल्याचा चेहरा त्यांना नीट दिसत होता, हे त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं. वर घड्याळजींच्या खिडकीत कुणाची तरी हालचाल दिसली. बहुतेक टेबल उजेडाकडे ओढत असावेत.

काकूंनी इस्त्रीची साडी नेसली. पिशवीत चष्मा टाकला, छत्री टाकली. बोलताना ततपप होऊ नये म्हणून ओट्याशी उभं राहून हळू आवाजात एकदा म्हणून पाहिलं, “चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही. कठडा हलतो. लिहून घ्या.” आवाज थोडा कापला. पुन्हा म्हणून पाहिलं, तेव्हा कमी कापला.

मग दार ओढून घेतलं, धीर सुटायच्या आत दूधवाल्याशी बोलणाऱ्या काकांच्या मागून आवाज न करता फाटकाबाहेर पडल्या, आणि कार्यालयाच्या रस्त्याला लागल्या.